नवी जाती घडते कशी आणि तिची जागा ठरवायची कशी: नवख्यांसाठी पायरीपायरीने

वर्गीकरण शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा सात नावांची उतरंड पाठ करून सुरुवात करतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण समोर दोन माश्या ठेवून "या एकाच जातीच्या की वेगळ्या?" असं कुणी विचारलं, की ती उतरंड काही कामाची राहत नाही. जाती एकमेकींपासून वेगळ्या कशा होतात हेच माहीत नसेल, तर त्यांची विभागणी कशाच्या आधारावर करणार? म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी फाटाफूट समजून घ्यायची, नावं आणि खाने नंतर.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'जाती' म्हणजे उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, आणि 'प्रजाती' म्हणजे जवळच्या जातींचा तिच्यावरचा गट. वर्तमानपत्रांत जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात, तेव्हा इतरत्र वाचताना गोंधळू नका.

पहिली पायरी: एक जीव नको, गट बघा

जाती हा आपापसांत पुनरुत्पादन करत राहणाऱ्या जीवांचा गट असतो. त्यामुळे हाती आलेल्या एका नमुन्यावरून निष्कर्षावर उडी मारू नये. मॅलार्ड बदकात नराचं डोकं चकचकीत हिरवं असतं आणि मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. आधुनिक नामकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियस या स्वीडिश अभ्यासकाने १७५८ साली नराला एक नाव दिलं आणि मादीला दुसरं, कारण त्याला त्या दोन जाती वाटल्या. लिनियससारख्याला जे चकवलं ते आपल्यालाही चकवणारच. तेव्हा फरक दिसला की पहिला प्रश्न हा विचारा: हा फरक नर-मादीतला आहे का, पिल्लू आणि प्रौढातला आहे का, की ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या रंगाचा आहे? उलट बाजूने पाहिलं तर चिहुआहुआ आणि ग्रेट डेन दिसायला जमीन-अस्मानाइतके वेगळे, तरी एकाच जातीतले. माणसाने निवडून निवडून त्यांची रूपं घडवली, पण त्यांचं वेगळेपण अगदी अलीकडचं आहे आणि मधल्या आकाराच्या कुत्र्यांमार्फत जनुकं इकडून तिकडे जाऊ शकतात.

जनुकांची ही ये-जा म्हणजेच या सगळ्या विषयाची किल्ली. कुठल्याही गटात जीव एकमेकांपासून थोडेफार वेगळे असतात. काही फरक आनुवंशिक असतात, आणि उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांतून, नवे फरक येत राहतात. ज्या फरकामुळे जीव जास्त पिल्लं मागे ठेवतो तो फरक पुढच्या पिढीत वाढतो. ही नैसर्गिक निवड. गट लहान असेल तर निव्वळ योगायोगानेही एखादा गुण पसरतो किंवा नाहीसा होतो. जोवर गटातले सगळे एकमेकांत मिसळत आहेत तोवर हे बदल सगळ्यांत वाटले जातात आणि गट एकसंधपणे पुढे सरकतो. मिसळणं थांबलं की दोन्ही भागांचे बदल आपापल्या दिशेने साठत जातात. नवी जाती म्हणजे या साठण्याचा परिणाम.

दुसरी पायरी: मिसळणं कुठे अडतं ते शोधा

१९४२ साली जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी जातीची जी व्याख्या मांडली ती आजही सगळ्यात जास्त वापरली जाते: निसर्गात आपापसांत पुनरुत्पादन करणारा किंवा करू शकणारा, आणि तशा इतर गटांपासून पुनरुत्पादनाच्या दृष्टीने तुटलेला गट. यातला 'निसर्गात' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. प्राणिसंग्रहालयात सिंह आणि वाघीण एकत्र ठेवून संकर पिल्लं झालेली आहेत, पण त्यावरून सिंह आणि वाघ एकच जाती ठरत नाहीत. कोंडलेल्या जनावरांनी काय केलं यापेक्षा मोकळ्या रानात ते काय करतात हे बघायचं.

अडसर दोन टप्प्यांवर असतो. पहिला मीलनाच्या आधीचा: ऋतू वेगळा, जागा वेगळी, साद वेगळी, रंग वेगळा, किंवा परागकण आणणारा कीटकच वेगळा. दुसरा मीलनानंतरचा: फलनच होत नाही, गर्भ तगत नाही, किंवा संतती वांझ निघते. खेचर हे दुसऱ्याचं नेहमीचं उदाहरण. घोड्याची गुणसूत्रं (पेशीतल्या, जनुकं वाहून नेणाऱ्या धाग्यांसारख्या रचना) ६४, गाढवाची ६२, आणि खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे खेचर धडधाकट असूनही त्याची वंशावळ तिथेच थांबते.

मीलनाआधीचा अडसर आपल्या डोळ्यांना किंवा कानांना कळेलच असं नाही. युरोपातलं पिपिस्ट्रेल हे चिमुकलं वटवाघूळ कित्येक वर्षं एकच जाती समजलं जात होतं. १९९० च्या दशकात ध्वनिमापकांनी दाखवून दिलं की काही वटवाघळं सुमारे ४५ किलोहर्ट्झला साद घालतात आणि काही सुमारे ५५ ला. माणसाचा कान २० च्या वर काही ऐकत नाही. पुढे डीएनए तपासल्यावर त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. वटवाघळांना आपापसांतला फरक पहिल्यापासून ठाऊक होता, अडाणी आपण होतो.

अडसर कायमचा असतो असंही नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांमध्ये मादी नराचा रंग पाहून जोडीदार निवडते. एकीला तांबडा भावतो, दुसरीला निळा. पाणी गढूळ झालेल्या भागांत रंग नीट दिसेनासे झाले आणि तिथे जातींमधली सीमा पुसट होऊन संकर वाढला. म्हणजे दोन जाती वेगळ्या राहिल्या होत्या त्या स्वच्छ पाण्याच्या भरवशावर.

तिसरी पायरी: फाटाफूट कशामुळे झाली याचा माग काढा

सगळ्यात सरळ कारण भूगोल. मधे डोंगर, समुद्र किंवा वाळवंट येतं आणि गट दुभंगतो. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पूर्ण वर आली आणि पॅसिफिक महासागर कॅरिबियन समुद्रापासून तुटला. नांगीचा चटका वाजवणाऱ्या स्नॅपिंग कोळंबीचे गट दोन्हीकडे विभागले गेले. आज दोन बाजूंच्या जवळच्या नात्यातल्या कोळंब्या एका टाकीत सोडल्या तर बहुतेक जोड्या मीलनाऐवजी एकमेकींवर नांग्या वाजवत बसतात. दिसायला मात्र त्या इतक्या सारख्या की नवख्याला वेगळ्या ओळखू येणार नाहीत.

भूगोल हे कारण पटायला सोपं असल्यामुळे तेवढ्यावरच थांबायचा मोह होतो. खरी गंमत पुढे आहे: मधे काहीही आडवं न येता, एकाच बागेत फाटाफूट होऊ शकते का? यासाठी उत्तर अमेरिकेतली ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला ही फळमाशी जरा जवळून पाहू.

ही माशी मुळात हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फळांवर वाढणारी. मादी फळात अंडी घालते, अळी आतला गर खाते, फळ गळून पडलं की ती मातीत शिरून कोष करते आणि थंडी तिथेच काढते. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी सफरचंदाची झाडं आणली, आणि १८६० च्या दशकात शेतकऱ्यांना सफरचंदात अळ्या सापडू लागल्या. बेंजामिन वॉल्श या कीटकतज्ज्ञाने १८६७ मध्येच सुचवलं होतं की यजमान झाड बदलल्यामुळे इथे नवी जाती उगम पावत असावी.

आता साखळी बघा. या माश्या आपल्याच फळावर जोडीदार शोधतात. म्हणजे फळाची निवड आणि जोडीदाराची निवड या एकच गोष्टी झाल्या. ज्या माशीला सफरचंदाचा वास खुणावतो तिला सफरचंदावरचाच नर भेटणार. त्यातच सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकतं, आणि प्रौढ माशीचं आयुष्य साधारण महिनाभराचं. सफरचंदावर गुजराण करणाऱ्या माशीला कोषातून लवकर बाहेर पडावं लागतं, हॉथॉर्नवालीला उशिरा. उशिरा निघणारी माशी सफरचंदाच्या झाडावर पोचली तर फळं गळून गेलेली असतात. दोन्ही गटांवर वेगवेगळ्या वेळापत्रकाची निवड होत राहते. वर, संकर माश्यांना यांपैकी कुठलाच वास धड ओढत नाही, त्यामुळे फळ शोधण्यात त्या मागे पडतात.

तरीही दर पिढीत सुमारे ४ ते ६ टक्के मिसळणं चालूच आहे. म्हणून यांना अजून दोन जाती म्हणत नाहीत, यजमानानुसार पडलेले दोन वंश म्हणतात. एवढ्यावर हे थांबत नाही. या अळ्यांच्या अंगात अंडी घालणारी एक परजीवी गांधीलमाशी आहे, आणि तिच्यातही सफरचंद आणि हॉथॉर्न अशी विभागणी सुरू झालेली दिसते. एका फाट्यातून दुसरा फाटा फुटतो तो असा.

तिसरा मार्ग झपाट्याचा आहे आणि तो वनस्पतींत खूप चालतो. ट्रॅगोपोगॉन या सूर्यफुलाच्या कुलातल्या तीन जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अमेरिकेच्या वायव्य भागात पोचल्या. प्रत्येकीची गुणसूत्रं १२. दोन जातींचा संकर झाला की त्यात एकीची ६ आणि दुसरीची ६ येतात. त्यांच्या जोड्या लागत नाहीत, रोप वांझ. पण कधीतरी पेशीविभाजनात चूक होऊन गुणसूत्रं दुप्पट, म्हणजे २४ होतात. मग प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि रोप सुपीक बनतं. असं रोप मूळ जातीशी फळलं तर १८, म्हणजे सहा-सहाचे तीन संच येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि बी नीट धरत नाही. म्हणजे एक-दोन पिढ्यांतच ते आईबापांपासून तुटलं. अशा दोन नव्या जाती १९५० साली शास्त्रीय नावांनिशी नोंदल्या गेल्या. नेहमीचा गहूही असाच दोनदा झालेल्या संकरातून आलेला आहे. तीन पूर्वजांचे संच मिळून त्याची गुणसूत्रं ४२.

प्राण्यांतही संकरातून नवा वंश उभा राहू शकतो. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून फिंच पक्ष्यांवर नजर ठेवून होते. १९८१ मध्ये तिथे शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पॅन्योला बेटावरून एक मोठा नर उडत आला आणि स्थानिक मादीशी त्याची जोडी जमली. पिल्लं बापाचं गाणं शिकली. ते गाणं स्थानिक पक्ष्यांच्या गाण्यापेक्षा वेगळं, चोचीचा आकारही वेगळा, त्यामुळे काही पिढ्यांतच हा वंश आपापसांतच जोड्या जमवू लागला. नवी जाती घडायला लाखो वर्षं लागतातच, हे डोक्यातून काढून टाका. लागतात पुष्कळदा, पण नेहमी नाही.

चौथी पायरी: व्याख्या कुठे लंगडी पडते ते ओळखा

जीवाणू विभागून वाढतात, आणि जनुकं दूरच्या नात्यातल्या जीवाणूंकडूनही उचलतात. त्यांना "आपापसांत पुनरुत्पादन करता का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. जीवाश्मांचंही तेच, कोण कुणाशी जुगत होतं हे दगड सांगत नाही. तिथे मग शरीररचनेवरून, किंवा जनुकांच्या वंशावळीत स्वतंत्र फांदी दिसते का यावरून ठरवतात.

आणि जिथे व्याख्या चालते तिथेही निकाल एकमताने लागत नाही. जिराफ एकच जाती आहे असं दीर्घकाळ मानलं जात होतं. २०१६ साली जनुकीय अभ्यासातून चार जातींचा प्रस्ताव आला आणि वाद सुरू झाला. आफ्रिकेतला हत्ती आता गवताळ प्रदेशातला आणि जंगलातला अशा दोन जातींत मोजतात. नवख्यांना हा शास्त्राचा गोंधळ वाटतो. मला वाटतं, गोंधळ असलाच तर तो निसर्गात आहे. फाटाफूट ही चालू प्रक्रिया आहे, आणि आपण ती मधल्याच कुठल्यातरी क्षणी पाहतो. सफरचंदावरच्या माशीसारखी अर्धवट तुटलेली प्रकरणं असणारच. तुमच्या हातात एवढंच आहे: जेव्हा 'वेगळी जाती' म्हणाल तेव्हा कुठल्या कसोटीवर म्हणता ते सोबत लिहा.

पाचवी पायरी: शास्त्रीय नाव नीट वाचा

नाव दोन शब्दांचं असतं. वाघ पँथेरा टायग्रिस, सिंह पँथेरा लिओ, बिबट्या पँथेरा पार्डस. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दोन्ही मिळूनच नाव पूर्ण होतं. चित्त्याची प्रजाती ॲसिनोनिक्स, म्हणजे अंगावर ठिपके असले तरी तो बिबट्याचा सख्खा नाही, हे नावातच कळतं. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, आणि दोन्ही तिरप्या ठशात.

प्राण्यांच्या नावापुढे बऱ्याचदा माणसाचं नाव आणि साल असतं. वाघापुढे लिनियस, १७५८ हे कंसात येतं. माणसाच्या शास्त्रीय नावापुढे तेच कंसाशिवाय. कंसाचा अर्थ असा, की नाव देणाऱ्याने ही जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती आणि पुढे ती हलवली गेली. लिनियसने वाघाला मांजराच्या फेलिस प्रजातीत घातलं होतं. एवढासा कंस, पण वर्गीकरण बदलल्याचा इतिहास त्यात नोंदलेला असतो.

एकाच जातीला किंवा प्रजातीला दोन नावं पडली तर सर्वसाधारणपणे जुनं टिकतं. ॲपॅटोसॉरस हे डायनोसॉरचं नाव १८७७ चं, ब्रॉन्टोसॉरस १८७९ चं. १९०३ मध्ये दोन्ही एकच प्रजाती ठरली आणि ब्रॉन्टोसॉरस हे लोकप्रिय नाव बाद झालं. २०१५ च्या एका अभ्यासाने ते पुन्हा वेगळं काढावं असं मांडलं. प्रत्येक नाव एका जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. पुढे वाद झाला की तो नमुना काढून पाहतात. प्राण्यांची आणि वनस्पतींची नियमावली वेगळी असल्यामुळे मोरस हे नाव तुतीच्या प्रजातीलाही आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यालाही. दोघांची गाठ पडण्याची शक्यता कमी, म्हणून कुणाचं अडत नाही.

सहावी पायरी: साम्य बाजूला ठेवा, नातं शोधा

तरस कुत्र्यासारखा दिसतो, पण कवटीतल्या कानाच्या हाडांची घडण आणि जनुकं त्याला मांजर-मुंगसाच्या बाजूला नेऊन बसवतात. पाकोळी आणि भिंगरी हवेत एकसारख्या गिरक्या घेतात. त्यातली पाकोळी गुंजनपक्ष्याच्या नात्यातली निघते. सारखं काम करता करता शरीरं सारखी होतात, त्याने नातं सिद्ध होत नाही. मग कुठल्या साम्यावर भरवसा ठेवायचा? जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली याची पद्धत घालून दिली: दोन जीवांत सामाईक असलेला नवा गुणच नात्याचा पुरावा धरायचा. जुना, सगळ्यांकडे पूर्वीपासून असलेला गुण मोजायचा नाही.

हे कागदावर करूनच कळतं, तेव्हा कागद घ्या. उभ्या रांगेत सहा प्राणी लिहा: शार्क, बेडूक, पाल, मगर, कबूतर, वटवाघूळ. शार्क सगळ्यांत दूरचा, म्हणून त्याला तुलनेसाठी बाहेरचा ठेवा. त्याच्याकडे जे आहे ते जुनं समजायचं. आता आडव्या रांगेत गुण मांडा.

तांबड्या रक्तपेशीत केंद्रक: वटवाघूळ सोडून सगळ्यांत. शार्कमध्येही आहे, म्हणजे जुना गुण. त्यावरून पाच जणांची मोट बांधली तर पहिल्याच घासाला खडा. खोडून टाका.

चार पाय (पंख हा बदललेला पुढचा पाय): शार्क सोडून पाचही. हा नवा गुण, या पाचांची एक फांदी काढा. गर्भाभोवती पाणी धरणारं आवरण: पाल, मगर, कबूतर आणि वटवाघूळ. वटवाघूळ अंडी घालत नाही, पण त्याच्या गर्भाला तेच आवरण असतं. बेडूक वेगळा पडला. केस आणि दूध: फक्त वटवाघूळ. गुण नवा आहे, पण एकट्याकडेच असल्यामुळे या सहांपैकी त्याचा जवळचा कोण हे तो सांगत नाही.

इथवर सोपं होतं. आता उडण्याचे पंख लिहा: कबूतर आणि वटवाघूळ. जवळून पाहा. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलचक बोटांवर ताणलेली कातडी. कबुतराची बोटं एकमेकांत जुळून आखडलेली, आणि पंख पिसांचा. बांधणी वेगळी, म्हणजे दोघांनी तो स्वतंत्रपणे कमावला. खोडा.

मग हृदय. चार कप्प्यांचं हृदय मगर, कबूतर आणि वटवाघूळ या तिघांत आहे. यावर गेलात तर पाल बाहेर आणि वटवाघूळ मगरीच्या शेजारी. पण कवटीत डोळ्यामागे दोन पोकळ्या असण्याची मूळ रचना, आणि खवले-पिसांमधलं एक खास प्रकारचं केराटिन हे प्रथिन, हे दोन्ही पाल, मगर आणि कबूतर यांच्यात आहे, वटवाघळात नाही. पुरावे भांडतात तेव्हा ज्या आकृतीत कमीत कमी बदल गृहीत धरावे लागतात ती निवडायची. इथे पाल, मगर, कबूतर ही एक फांदी धरली तर फक्त हृदय दोनदा घडलं एवढं मानावं लागतं. आणि ते तसंच घडलं असावं याची खूण हृदयापाशीच सापडते: सस्तन प्राण्यांत महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) डावीकडे वळते, पक्ष्यांत उजवीकडे. डीएनएचा कौलही याच बाजूने आहे.

राहिलं पाल, मगर आणि कबूतर यांच्यातलं. चार कप्प्यांचं हृदय आणि अन्न भरडणारी स्नायूंची पोटपिशवी मगर आणि कबुतरात सामाईक, पालीत नाहीत. म्हणजे मगरीचं सगळ्यात जवळचं नातं पालीशी नाही, कबुतराशी आहे. पहिल्यांदा हे कुणालाच पचत नाही. पचेपर्यंत आकृती पुन्हा काढा.

सातवी पायरी: वंशवृक्ष वाचताना या दोन चुका टाळा

काढलेल्या आकृतीत फांद्यांच्या टोकांचा क्रम बघू नका. झुंबर फिरवल्यासारखी कुठलीही फांदी तिच्या सांध्यावर उलटी करता येते. कबूतर वर लिहा की खाली, नातं बदलत नाही. नातं मोजायचं ते दोन टोकांपासून मागे येत त्यांचा सामाईक सांधा किती अलीकडे आहे यावरून. दुसरं, आजचा कुठलाही जीव आजच्या दुसऱ्या जीवाचा पूर्वज नसतो. शार्क आणि वटवाघूळ यांचा वंश तेवढाच जुना आहे.

आठवी पायरी: आता खाने वापरा

सृष्टीपासून जातीपर्यंतची उतरंड ही या फांद्यांना दिलेली लेबलं आहेत. 'कुल' नेमकं किती मोठं असावं याचं माप कुठेच नाही, त्यामुळे कीटकांच्या एका कुलाची पक्ष्यांच्या एका कुलाशी तुलना करत बसू नये. चांगल्या खान्याची कसोटी एकच: त्यात पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज यावेत. पक्षी वगळून केलेला 'सरपटणारे प्राणी' हा वर्ग या कसोटीवर नापास होतो, कारण मगरीचा जवळचा नातेवाईकच त्यातून बाहेर राहतो. रोजच्या बोलण्यात शब्द वापरायला हरकत नाही, फक्त ती नैसर्गिक फांदी समजू नका.

वरच्या टोकालाही खाने हललेले आहेत. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टी मांडल्या, त्यात बुरशीला वनस्पतींपासून वेगळं काढलं. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांना रायबोसोम या पेशीतल्या, प्रथिनं बनवणाऱ्या भागातल्या आरएनएच्या तुलनेतून जीवाणूंसारखे दिसणारे पण त्यांच्यापासून फार पूर्वी फुटलेले सूक्ष्मजीव आढळले, ते आर्किया. १९९० पासून बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया (पेशीत केंद्रक असलेले जीव) ही तीन डोमेन सृष्टीच्याही वर धरली जातात. आपण, अळंबी आणि झाडं तिघंही युकॅरियात. त्यातही अळंबी झाडापेक्षा आपल्याला जवळची.

नववी पायरी: समोरच्या जीवाची ओळख पटवा

सुरुवात ओळखकिल्लीने करा. तिच्यात दर टप्प्यावर दोन पर्याय असतात: पंख आहेत की नाहीत, शिंगिका टोकाला जाड की बारीक. कुठला पर्याय निवडला ते लिहून ठेवा, म्हणजे अडल्यावर मागे जाता येतं. किल्ली ज्या प्रदेशासाठी केलेली असते तिथेच चालते. दुसऱ्या खंडाची किल्ली वापरलीत तर उत्तर मिळतं, पण चुकीचं.

डीएनए बारकोडिंगची मदत होते. २००३ साली पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांसाठी मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतल्या, एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा सुचवला. तो वाचून संग्रहातल्या नोंदींशी ताडून बघतात. अळी आणि पतंग यांची गाठ घालायला हे फार सोयीचं. पण मायटोकाँड्रिया सहसा फक्त आईकडून येतात, त्यामुळे संकर जीव आईच्या जातीचा म्हणून बेमालूम खपून जातो. आणि संग्रहातलीच नोंद चुकीच्या नावाने केलेली असेल तर यंत्र ती चूक इमानेइतबारे परत करतं. शरीररचना न बघता नुसत्या बारकोडवर नाव ठोकू नका.

नोंदवहीत नाव लिहिताना जेवढं पक्कं तेवढंच लिहा. प्रजाती कळली पण जाती कळली नाही, तर प्रजातीच्या नावापुढे 'एसपी.' लिहायचं. एखाद्या जातीशी जुळतंय पण खात्री नाही, तर दोन शब्दांच्या मधे 'सीएफ.', याचा अर्थ तुलना करून पाहावी. त्या जातीच्या जवळचं आहे पण तीच नव्हे असं वाटत असेल तर मधे 'एएफएफ.'. आजवर सुमारे २० लाख जातींना नावं मिळाली आहेत, आणि २०११ मधल्या एका अंदाजाप्रमाणे नुसत्या केंद्रकयुक्त जीवांच्याच जाती ८७ लाखांच्या आसपास असाव्यात. त्यामुळे 'एएफएफ.' लिहायची वेळ आली तर नमुन्यासोबत तारीख, ठिकाण, उंची आणि तो कशावर सापडला हे नोंदवा, फोटो वरून, बाजूने आणि खालून काढा, आणि त्या गटावर काम करणाऱ्या माणसाकडे पाठवा.